टर्बो बदलायच्या आधी हवेचा सगळा रस्ता तपासा

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे की बीएस ४ (बीएस ६ च्या आधीच्या प्रदूषण नियमांची) पिकअप आहे, जालन्याहून सळई भरून केजला येताना बीडपर्यंत गाडी बरी चालते, पण मांजरसुंब्याचा घाट लागला की दम सोडते, दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, मागून काळा धूर निघतो आणि बोनेटखालून शिट्टीसारखा आवाज येतो. फिटरने टर्बोचा, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या पंख्याचा, पाईप काढून आतलं ऑईल दाखवलं आणि टर्बो गेला म्हणून सांगितलं. आता तुम्ही विचारताय की नवा घ्यावा का रिपेअर केलेला चालेल.

नवा का जुना हे मी शेवटी सांगतो, पण त्याच्या आधी दोन गोष्टी कळायला पाहिजेत. टर्बो खरंच गेलाय का, आणि गेला असेल तर कशाने गेला. दुसरी गोष्ट तर पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, कारण टर्बो सहसा आपणहून मरत नाही. एकतर त्याला धूळ खाऊ घातलेली असते, नाहीतर ऑईल पोहोचलेलं नसतं, नाहीतर ऑईल परत जायचा रस्ता तुंबलेला असतो. ते कारण तसंच ठेवून नवा टर्बो बसवला की तो पण त्याच वाटेने जातो. मी लातूरकडे डिझेलचंच काम करतो, पिकअप, ट्रॅक्टर, हार्वेस्टर, उसाच्या गाड्या, आणि टर्बो गेला म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांत टर्बो चांगला असतो, फाटलेला असतो तो होज पाईप.

एक आधीच सांगतो, गाडी समोर नसताना छातीठोक बोलता येत नाही. तुमच्या मॉडेलला साधा वेस्टगेटवाला (जास्तीचा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेचा) टर्बो आहे का पाती हलणारा व्हीजीटी आहे, हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे का नाही, टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर पुढे आहे का वर, यावर तपासायची पद्धत थोडी बदलते. पण क्रम तोच राहतो. आधी हवेचा सगळा रस्ता, मग सेन्सर आणि कंट्रोल, मग सायलेन्सरपर्यंत जायचं. टर्बोला हात शेवटी.

आता तुमची लक्षणं काय सांगतात ते बघू. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एक किलो डिझेल जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिनला धूर न करता चालायचं असेल तर त्याहून बरीच जास्त लागते. अडीच लिटरचं इंजिन तीन हजार आरपीएमला टर्बो नसताना सुद्धा मिनिटाला तीन हजार लिटरच्या वर हवा ओढतं, टर्बो लागला की अजून जास्त. एवढ्या हवेतली थोडी जरी वाटेत पळाली तरी घाटात लगेच कळतं. गाडी ओढत नाही पण धूर अजिबात नाही, असं असतं तर मी आधी डिझेल फिल्टर बघा म्हणालो असतो, कारण तिथे डिझेलच कमी पडतंय. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल नाहीतर कूलंटची वाफ. तुमचा काळा आहे, म्हणजे हवेची भानगड असायची शक्यता जास्त. इंजेक्टर खराब असला तरी काळा धूर येतो, पण तेव्हा इंजिन आयडलला पण खडखड करतं आणि शिट्टी येत नाही.

फिटरने दाखवलेल्या ऑईलबद्दल सांगतो, कारण त्यावरच बरेच टर्बो विनाकारण बदलले जातात. इंजिनच्या ब्रिदरची, म्हणजे खालच्या ऑईलच्या चेंबरमधली वाफ बाहेर काढणारी, नळी टर्बोच्या आधी हवेच्या पाईपात जोडलेली असते. त्यातून ऑईलची वाफ येते आणि पाईपाला आतून चिकट थर बसतो. बोट फिरवलं की बोट ओलं होतं, एवढं चालणाऱ्या कुठल्याही टर्बोच्या गाडीत सापडेल. पाईप उलटा केल्यावर ऑईल धारेने सांडलं, इंटरकूलरच्या तळाला कपभर ऑईल निघालं, किंवा डिपस्टिकवर पातळी लवकर लवकर उतरायला लागली, तर मग गोष्ट वेगळी. तुमच्या पाईपात किती होतं ते तुम्ही लिहिलं नाही, ते आधी बघून घ्या.

शिट्टीचं पण तसंच. थोडी बारीक शिट्टी प्रत्येक टर्बोला असते, ती त्याची चालच आहे, आतला शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो. पण लोड आला की सूऽऽ करून हवा सुटल्यासारखा आवाज, आणि अॅक्सिलेटर सोडला की लगेच गायब, हा बहुतेक वेळा लीकेजचा आवाज असतो. सायरनसारखा चढत जाणारा, धातू घासल्यासारखा आवाज असेल तर पंखा घरामध्ये घासतोय, तेव्हा गाडी अजिबात पळवू नका.

उभ्या गाडीला रेस देऊन टर्बो तपासता येत नाही, हे पण लक्षात घ्या. बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, तयार होतो तो लोडवर. न्यूट्रलमध्ये कितीही रेस द्या, पाईपात दाब नावालाच येतो, त्यामुळे फाटलेला होज गॅरेजमध्ये गप्प बसतो आणि घाटात तोंड उघडतो. म्हणून तुमची गाडी सपाटीला बरी आणि घाटात दम सोडते, याचं मला काही नवल वाटत नाही.

आता काम कसं करायचं. पहिलं, टर्बोपासून इंटरकूलर आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्डपर्यंतचे (म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागापर्यंतचे) सगळे रबरी होज बघा. नुसतं वरून बघून चालत नाही. टर्बोतून निघणारी हवा दाबली गेल्यामुळे शंभर डिग्रीच्या वर गरम असते, त्यात ऑईलची वाफ, दोन्ही मिळून रबर फुगवतात आणि मऊ करतात. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला, क्लिपच्या कडेला पडते, जिथे डोळा जात नाही. क्लिप ढिली करून होज काढा, हातात घेऊन वाकवा, मग चीर दिसते. बाहेरून ओळखायची खूण अशी की चिरेभोवती ऑईल आणि धूळ मिळून काळा ओला डाग पसरलेला असतो, आणि डागाच्या मधोमध एक रेघ स्वच्छ असते, कारण तिथून हवा जोरात सुटून धूळ उडवते. तशी रेघ दिसली की शोध तिथेच संपला. एक हात जोडून विनंती, त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधणीची तार आवळू नका, लोक करतात, पण ती घाटात पुन्हा सुटते. रेडिएटरचा साधा होज पण तिथे चालत नाही, ऑईल आणि उष्णता सहन करणाराच पाहिजे.

डोळ्याला काही दिसलं नाही तर हवा भरून बघा. यंत्र घरी बनतं. टर्बोच्या तोंडाच्या मापाची पीव्हीसीची एंड कॅप घ्या, मधे भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल बसवा, आणि एअर फिल्टरकडून येणारा पाईप काढून टर्बोच्या तोंडाला ही कॅप होजने क्लिप लावून घट्ट बसवा. ब्रिदरची नळी मधे येत असेल तर ती काढून तिचं पाईपाकडचं तोंड बंद करा, हे विसरू नका, नाहीतर सगळी हवा इंजिनच्या चेंबरमध्ये जाऊन ऑईल सील बाहेर येतील. सावधगिरी म्हणून ऑईल भरायचं झाकण पण उघडं ठेवा. मग कंप्रेसरचं रेग्युलेटर १० पीएसआयवर लावून हळूहळू हवा सोडा, १५ च्या वर जाऊ नका, आणि कॅपच्या समोर तोंड घेऊन उभं राहू नका कारण ती सुटली तर गोळीसारखी येते. आता प्रत्येक जोडावर, इंटरकूलरच्या दोन्ही बाजूच्या प्लास्टिक टाकीच्या कडांना, मॅनिफोल्डच्या गॅस्केटला साबणाचं पाणी मारा. एखाद्या सिलिंडरचे वॉल उघडे असतात त्यामुळे थोडी हवा सायलेन्सरकडे जाणारच, दाब टिकत नाही म्हणून घाबरू नका. बुडबुडे कुठे येतात तेवढं बघायचं. इंटरकूलर खडी उडून बारीक फुटलेला असतो तो पण इथेच सापडतो. आणि बाहेरून त्याच्या जाळीत भुसा, कापसाचे तंतू, चिखल अडकला असेल तर पाण्याने हलक्या हाताने धुवा, हवा थंड झाली नाही तर वजनाने कमीच भरते.

एमएएफ सेन्सरवाल्या गाडीत या लीकेजचा धूर जास्त का होतो ते पण समजून घ्या. सेन्सर बसलेला असतो फिल्टरजवळ. तो मोजतो तेवढी हवा आत आली असं कॉम्प्युटर धरतो आणि त्या हिशोबाने डिझेल सोडतो. पण त्यातली काही हवा टर्बोच्या पुढे फाटलेल्या होजमधून बाहेर गेली, म्हणजे हिशोब हवेचा पूर्ण आणि प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये कमी. उरलेलं डिझेल काजळी होऊन मागून निघतं.

दुसरी जागा म्हणजे एअर फिल्टर ते टर्बो हा तुकडा. इथे चीर असली तर गाडीची ताकद फारशी कमी होत नाही, शिट्टी पण येत नाही, म्हणून कोणी बघत नाही, आणि आपल्याकडचे सगळ्यात जास्त टर्बो आणि इंजिन इथेच मरतात असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे. इथे दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे चिरेतून बाहेरचा फुफाटा न गाळता सरळ आत जातो. आपली काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, सोयाबीनच्या मळणीत तर हवेत तरंगतच असते. तपासायला सोपं आहे. फिल्टरनंतरचा पाईप काढा, पांढरं स्वच्छ फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवा. ब्रिदर जिथे येतो तिथला काळा ओला डाग सोडून द्या, पण कोरड्या भागात मातकट रंग आला, बोटाने चोळल्यावर कचकच लागली, तर धूळ आत जातीय. मग टॉर्च घेऊन टर्बोच्या पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडा बघा. चांगल्या पात्याची कड सरळ आणि धारदार असते, धूळ खाल्लेल्या पात्याची बोथट आणि कुरतडल्यासारखी होते. कड गेली असेल तर टर्बो तर गेलाच, पण तीच धूळ पुढे रिंगा आणि बोअरला पण घासून गेलीय, त्यामुळे इंजिनचं कंप्रेशन पण बघून घ्या.

फिल्टरबद्दल दोन शब्द जास्तच बोलतो कारण यात आपलेच लोक चुकतात. फिल्टर टायरवर आपटून साफ करू नका. आपटल्याने त्याची कड वाकते, मग तो घरात नीट बसत नाही आणि कडेने धूळ शिरते. मोठ्या कंप्रेसरची बंदूक कागदाला टेकवून मारू नका, कागदाला न दिसणारी भोकं पडतात. हवा मारायचीच तर कमी दाबाने, लांबून, आतून बाहेर. मारून झाल्यावर अंधारात फिल्टरच्या आत मोबाईलची टॉर्च धरा, कुठे उजेडाचा ठिपका दिसला की फिल्टर फेकून द्या. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर, हार्वेस्टर आहेत त्यांनी आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नाही, बदलायचाच. आणि फिल्टर फार चोंदला तरी टर्बोला त्रास आहे, ओढ इतकी वाढते की टर्बोच्या सीलमधून ऑईल खेचलं जातं. तुमच्या पाईपातलं ऑईल तिथूनही आलेलं असू शकतं.

हवेचा रस्ता पक्का निघाला तर मग स्कॅनर लावा. स्कॅनरवर नुसता कोड बघून पार्ट बदलायचा नसतो. पी ०२९९ आला म्हणजे बूस्ट कमी पडला एवढंच, का कमी पडला ते तो सांगत नाही. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचं रीडिंग बघा. तेव्हा तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला पाहिजे. समुद्रकाठी तो १०१ केपीएच्या (किलोपास्कल, दाबाचं माप) आसपास असतो, आपला भाग बराचसा पाच-सहाशे मीटर उंचीवर आहे त्यामुळे ९५ च्या जवळपास दिसेल. तिथेच ८० किंवा ११० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, किंवा काजळीने बुजलाय, काढून साफ करा, नाहीतर बदला. सेन्सर बरोबर असेल तर माल भरून चढाला गाडी घ्या, शेजारी कोणाला तरी बसवून मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट असे दोन्ही आकडे बघायला सांगा, चालवणाऱ्याने रस्ता बघायचा. नेमका आकडा मॉडेलवर आहे, पण बहुतेक पिकअपमध्ये फुल लोडला मॅप २०० केपीएच्या आसपास किंवा वर जातो. दोन आकड्यांत सतत मोठी तफावत राहिली तर हवा पळतीय, नाहीतर टर्बोचा कंट्रोल काम करत नाही.

कंट्रोल म्हणजे अॅक्च्युएटर, टर्बोची झडप किंवा पाती दांडीने हलवणारा डबा. व्हॅक्यूमवाला असेल तर त्याची बारीक नळी बघा, ती कडक होऊन टोकाला चिरते. दहा-वीस रुपयाच्या नळीपायी टर्बो बदललेले लोक मी बघितलेत. हातपंपाने अॅक्च्युएटरला व्हॅक्यूम द्या, दांडी सरळ ओढली जायला पाहिजे आणि व्हॅक्यूम टिकायला पाहिजे. टिकत नाही म्हणजे आतला पडदा फाटला. पडदा चांगला आहे पण दांडी अडकत अडकत चालते, तर व्हीजीटीची पाती काजळीने चिकटलीत, ती बरेचदा खोलून साफ होतात. दांडीचा नट मात्र कोणाला हलवू देऊ नका, ते सेटिंग कंपनीत मोजून केलेलं असतं, बूस्ट वाढवतो म्हणून कोणी आवळला तर टर्बो आणि इंजिन दोन्ही धोक्यात येतात.

ईजीआर वॉल, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, उघडा अडकला तरी हेच लक्षण, काळा धूर आणि गेलेली ताकद, कारण ताज्या हवेच्या जागी धूरच परत आत जातो. काढून बघा, काजळी साफ करा, पूर्ण बंद होतो का ते तपासा. आणि सायलेन्सर कुठे ठेचलेला किंवा आतून तुंबलेला असेल तर टर्बोला फिरायला जोरच मिळत नाही. बीएस ६ गाडी असती तर डीपीएफचा (सायलेन्सरच्या वाटेतल्या काजळीच्या फिल्टरचा) दाब पण बघायला लावला असता, तुम्हाला ती गरज नाही.

एवढं सगळं बरोबर निघालं तर आता टर्बो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तोंडाचा पाईप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. वर-खाली थोडीशी चाल असणारच, कारण त्याचं बेअरिंग ऑईलच्या थरावर तरंगतं आणि आत्ता ऑईलचा दाब नाही. एवढ्या चालीवरून टर्बो गेला म्हणणं चूक आहे. पण पुढे-मागे, म्हणजे लांबीच्या दिशेने हाताला जाणवेल अशी चाल नको. आणि एका बाजूला दाबून फिरवल्यावर पंखा घराला घासायला नको. घासल्याची चकाकी घराच्या आतल्या भिंतीवर दिसते, ती दिसली तर वादच संपला.

टर्बो खरंच गेला असेल तर नवा बसवायच्या आधी ऑईलचे दोन्ही पाईप बघा. वरचा बारीक पाईप ऑईल आणतो, त्यात जळकं ऑईल कोळशासारखं साचतं, फुंकून काम होत नाही, शक्यतो नवाच टाका. खालचा जाड पाईप ऑईल परत चेंबरला नेतो, त्यात दाब नसतो, ऑईल नुसतं वजनाने खाली पडतं. म्हणून तो जरा वाकला, चोंदला, किंवा गॅस्केटऐवजी कोणी सिलिकॉन भरून ते आत फुगलं, की ऑईल वर तुंबतं आणि सीलमधून पाईपात येतं. आमच्याकडे एक उसाची गाडी आली होती, दुसरीकडे टर्बो बदलून झाला होता आणि नव्यातून पण ऑईल येत होतं, मालक बिचारा टर्बोच नकली म्हणून भांडत होता. खालचा पाईप काढला तर तोंडाला लाल सिलिकॉनची जीभ लोंबत होती, निम्मं भोक बंद. ती काढली, बरोबर गॅस्केट टाकलं, तोच टर्बो पुढे चालला. तिसरं कारण इंजिनचं. चालू इंजिनचं ऑईलचं झाकण काढल्यावर भसाभसा धूर मारत असेल तर रिंगा गेल्यात, चेंबरमध्ये दाब आहे, तिथे कुठलाही टर्बो ऑईल फेकणारच.

आता तुमचा मूळ प्रश्न, नवा का रिपेअर. तुमच्या कामाला, माल भरून घाट चढणाऱ्या गाडीला, मी नवा किंवा मधला कार्ट्रिज (शाफ्ट, बेअरिंग आणि पंखे) बॅलन्स करून आलेला, बिल आणि वॉरंटीसकट, एवढेच दोन पर्याय धरतो. नुसतं किट टाकून हाताने जोडलेला शाफ्ट लाख आरपीएमला टिकत नाही. जुन्याचा पंखा तुटला असेल तर इंटरकूलर आणि पाईपांतले तुकडे काढल्याशिवाय नवा चालू करू नका. ऑईल आणि ऑईल फिल्टर बदला, बसवताना टर्बोच्या ऑईलच्या भोकात स्वच्छ ऑईल भरा, हाताने पंखा फिरवा, आणि पहिल्यांदा इंजिन चालू न होऊ देता नुसता सेल्फ थोडा थोडा मारून ऑईलचा दाब येऊ द्या. चालू झाल्यावर काही मिनिटं आयडलला ठेवा, रेस देऊ नका. पुढे रोज घाट चढून आल्यावर पण लगेच चावी बंद करू नका, एक-दोन मिनिटं आयडलला राहू द्या, नाहीतर तापलेल्या शाफ्टवर उभं राहिलेलं ऑईल जळून कोळसा होतं.

एक धोक्याची गोष्ट सांगून ठेवतो. टर्बोतून ऑईल खरंच जोरात येत असेल तर इंजिन त्याच ऑईलवर आपोआप पळायला लागतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. तेव्हा ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. हवेच्या तोंडावर हात ठेवू नका, हात ओढला जातो. म्हणून पाईपातून ऑईल सांडण्याइतकं असेल तर तपासणी होईपर्यंत माल भरायचा नाही.

तुम्ही आत्ता एवढं करा, होज काढून वाकवून बघा, फडकं फिरवा, पाईप उलटा करून किती ऑईल पडतं ते बघा, आणि चावी ऑन करून मॅपचा आकडा घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि स्कॅनर सोडला तर खर्च काही नाही. एमएएफ आहे का आणि टर्बोला दांडीवाला व्हॅक्यूमचा डबा आहे का ते पण बघून लिहा, मग पुढचं नेमकं सांगता येईल.